ॲडव्हान्स टॅक्सचे पैसे मी सल्लागाराच्या खात्यावर टाकले

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका दुपारी आयकर विभागाचा मेसेज आला, की २०२३-२४ च्या तुमच्या रिटर्नवर प्रक्रिया पूर्ण झाली आहे. मी निर्धास्त होते. त्या वर्षाचा १,२०,००० रुपये कर मी चार हप्त्यांत, प्रत्येक वेळी तारखेच्या आधी दिला होता. पोर्टलवरून १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून विभाग पाठवतो तो हिशेब, उतरवून घेतली. पॅन नंबर आणि जन्मतारीख टाकून पीडीएफ उघडली, तर शेवटी देय रक्कम १,१४,४२० रुपये.

या सूचनेत दोन रकाने असतात. डावीकडे आपण रिटर्नमध्ये लिहिलेले आकडे, उजवीकडे विभागाला सापडलेले. ॲडव्हान्स टॅक्सच्या ओळीत डावीकडे १,२०,००० होते आणि उजवीकडे १८,०००. मी ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचली.

मी पुण्यात राहते. नोकरी सोडल्यापासून जर्मनीतल्या कंपन्यांसाठी घरूनच भाषांतरं करते. परदेशी कंपनी आपला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापत नाही, त्यामुळे कराची सगळी जबाबदारी आपल्यावर. सासऱ्यांच्या ओळखीतले एक करसल्लागार होते, सीए नव्हेत, पण पुष्कळ वर्षं हेच काम करणारे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते म्हणाले, "ताई, त्या पोर्टलच्या भानगडीत तुम्ही पडूच नका. हप्ता आला की मी आकडा सांगतो, तुम्ही पैसे माझ्याकडे पाठवा, पावती संध्याकाळी व्हॉट्सॲपवर."

जूनमध्ये १८,००० पाठवले, पावती आली. सप्टेंबरमध्ये ३६,०००, डिसेंबरमध्ये ३६,०००, मार्चमध्ये ३०,०००. दर वेळी पावती आली आणि मी ती न उघडता फोल्डरमध्ये टाकली. जुलैत रिटर्न त्यांनीच भरलं. ओटीपी मी फोनवर सांगितला. पोर्टलवर ईमेलही त्यांचाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दुपारी चारही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. कराच्या चलनावर बँकेच्या शाखेचा सात आकडी बीएसआर कोड असतो, भरल्याची तारीख असते आणि पाच आकडी चलन क्रमांक. माझ्या चारही पावत्यांवर तोच चलन क्रमांक होता, ०४१७३. तारीख आणि रक्कम तेवढी बदललेली. डिसेंबरच्या पावतीवर तर आकड्यात ३६,००० आणि खाली अक्षरी रकमेत इंग्रजीत अठरा हजारच राहिले होते. जूनचा हप्ता त्या सल्लागाराने खरोखर भरला होता आणि पुढे त्याच पावतीवर खाडाखोड करत गेला.

आता हा कर कसा चालतो ते सांगते, कारण मला ते माहीत असतं तर डिसेंबरमध्येच कळलं असतं. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. नोकरदारांनाही हे लागू आहे. पगारावर कापलेला टीडीएस ठेवींच्या व्याजाला किंवा घरभाड्याला पुरतोच असं नाही. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसाय नसलेल्या मंडळींना मात्र यातून सूट आहे.

चुकलं तर लोक दंड म्हणतात, पण ते व्याज असतं आणि दोन कलमांखाली लागतं. त्या वर्षी २३४सी हे कलम हप्त्यांसाठी होतं. माझ्या बाबतीत सप्टेंबरला ३६,००० कमी पडले, त्यावर महिना १ टक्क्याने तीन महिन्यांचे १,०८०. डिसेंबरला ७२,००० कमी, त्याचे २,१६०. मार्चला १,०२,००० कमी, तिथे एकाच महिन्याचे १,०२०. वर्षअखेर ९० टक्के कर भरलेला नसेल तर वर २३४बी लागायचं. १ एप्रिलपासून महिना १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिन्यांचे ८,१६० झाले. एकूण व्याज १२,४२०. आपण कोणाच्या हाती पैसे दिले होते, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. सरकारच्या लेखी मी तो कर भरलेलाच नव्हता.

मागणी तीस दिवसांत भरली नाही तर त्यावरही व्याज सुरू होतं, म्हणून मुदतठेव मोडून आधी पैसे भरले. मग बँकेचं स्टेटमेंट आणि चार पावत्या घेऊन पोलिसांत तक्रार दिली. त्याने आतापर्यंत ४०,००० परत केलेत. उरलेल्यांसाठी तारखा देतोय.

आता हप्ता मी स्वतः भरते. पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढंच लागतं, लॉगिनसुद्धा नको. वर्ष निवडताना डोळे उघडे ठेवा. २०२३-२४ च्या कमाईसाठी तिथे असेसमेंट इयर २०२४-२५ निवडायचं होतं. प्रकार ॲडव्हान्स टॅक्स, कोड १००. पैसे माझ्या खात्यातून थेट जातात. काही दिवसांनी पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे आपल्या नावावरच्या कमाईचं आणि भरलेल्या कराचं विवरण, उघडून ती रक्कम त्याच चलन क्रमांकाने दिसते का, ते पाहते. सल्लागार हवाच, आकडा काढायला मी आता एका सीए बाईंकडे जाते, पण त्यांच्या खात्यावर त्यांच्या फीशिवाय एक रुपयाही पाठवत नाही.

जर्मनच्या क्लासमधल्या दोन मैत्रिणींना त्या जुन्या सल्लागाराचं नाव मीच सुचवलं होतं. याचं मला फार वाईट वाटतं. त्या रात्री दोघींना फोन केला, पावत्या उघडा आणि मला चलन क्रमांक वाचून दाखवा म्हटलं. एकीचे चारही क्रमांक वेगवेगळे निघाले, एआयएसशी जुळलेही. दुसरीने पहिली पावती उघडली आणि एकेक आकडा सावकाश वाचला. शून्य, चार, एक, सात, तीन. तो माझ्या जूनच्या पावतीचा क्रमांक होता.