टीटीच्या रस्त्यावर मिनीबसची फेरी: घ्यावी का?

घ्यावी. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी ही मोटारसायकलींची शर्यत, बघायला जाणार असाल तर शर्यत नसलेल्या दिवशी ही फेरी आधी घ्या आणि मगच कुठे बसायचं ते ठरवा. मी गेल्या जूनमध्ये लेकीबरोबर गेलो होतो. ती लिव्हरपूलला असते, तिथून बोटीनं बेटावरच्या डग्लस शहराला जाता येतं. सोळा सीटची गाडी, तीन तास, आणि वाटाड्या म्हणून सत्तरीचे एक स्थानिक गृहस्थ, जे कित्येक वर्षं शर्यतीत मार्शल म्हणून, म्हणजे स्पर्धकांना इशारा द्यायला, रस्त्याकडेला झेंडा घेऊन उभे राहिलेले.

माझं सगळं आयुष्य सरकारी नोकरीत रस्त्यांची कामं करण्यात गेलं, त्यातली बरीच वर्षं घाटात. त्यामुळे गाडीतले बाकीचे लोक कोण कुठे जिंकलं ते ऐकत होते आणि माझी नजर कॅम्बर म्हणजे रस्त्याचा आडवा उतार, गटारं आणि साइडपट्ट्यांवर होती.

हा मुद्दाम बांधलेला ट्रॅक नाही. 60.7 किलोमीटरचा रोजच्या वापरातला रस्ता आहे, दोनशेच्या वर वळणं असलेला. शर्यतीपुरता तो बंद करतात. डग्लसमधल्या ग्रँडस्टँडपासून निघालं की मिनिटभरात ब्रे हिलचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना घरं, फाटकं, फुटपाथ. आपल्याकडच्या एखाद्या कॉलनीतल्या उतारासारखाच. रोज लोक तिथून दूध आणायला जातात आणि शर्यतीच्या दिवशी तिथूनच मोटारसायकली ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातात. हे वाचून कळत नाही. तिथे गाडीत बसल्यावर पोटात गोळा येतो.

बॅलाक्रेन नावाच्या वळणाच्या पुढे बॅलिग ब्रिज लागतो, पण पूल आहे हे सांगावं लागतं. पूर्वी तो उंच पाठीचा होता, गाड्या त्यावरून उडायच्या. 1930 च्या दशकात तो सपाट केला. आता तिथे वेग कमी करायचं कारणच उरलेलं नाही. पुढे बॅलॉ गावातला पूल मात्र अजून तसाच आहे. तिथे गाडी दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरून त्या कठड्याला हात लावून उभा राहिलो. चाकं जमिनीवरून उचलली जातात म्हणून तिथे प्रत्येकाला ब्रेक लावून, गिअर खाली आणूनच यावं लागतं. दिसायला हा पूल सगळ्यात धोक्याचा, आणि इंजिनिअर म्हणून मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटला. जे आहे ते समोर दिसतं.

रॅमसे गाव सोडलं की डोंगर सुरू होतो. टीटीच्या आठवड्यात डोंगरावरचा रस्ता एकेरी असतो, त्यामुळे समोरून वाहन येत नाही आणि खिडकीतून निवांत बघता येतं. जागा डाव्या खिडकीची घ्या, दरी त्या बाजूला आहे. शर्यत या रस्त्यावर 1911 मध्ये आली तेव्हा इथे बैलगाडीच्या वाटेसारखी कच्ची वाट होती, मेंढरांसाठी आडवी फाटकं लावलेली. त्या वर्षी गॉडफ्रे जिंकला तो ताशी 76 किलोमीटरच्या सरासरीनं. 1957 मध्ये बॉब मॅकिंटायरनं एका फेरीच्या सरासरीत पहिल्यांदा ताशी शंभर मैलांची, म्हणजे 161 किलोमीटरची, वेस ओलांडली. 2023 मध्ये पीटर हिकमननं एक फेरी ताशी 219 किलोमीटरच्या सरासरीनं मारली. गाड्या बदलल्या, टायर बदलले, हे खरंच. पण वाटाड्याकाका म्हणाले, "रस्ताही तितकाच बदललाय," आणि विंडी कॉर्नरला हात करून दाखवला.

या वळणासाठीच मी ही फेरी घेतली होती. विंडी कॉर्नर आणि त्याच्या खालचं ब्रँडिश, दोन्ही वळणं रुंद करून त्यांची त्रिज्या वाढवलेली आहे. काम अव्वल आहे. बाहेरची कड नीट उचललेली, पाणी एका बाजूनं सरळ गटारात जातं, कारपेटचा, म्हणजे डांबराच्या वरच्या थराचा, सांधा बोटानं चाचपला तरी लागत नाही. मी असं काम फार थोड्या ठिकाणी बघितलं आहे आणि ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार.

पण वाटाड्याकाका माइकवर म्हणाले की ही वळणं आता सुरक्षित झाली, आणि तिथे माझा जीव अडकला.

कारण असं एक वळण मी स्वतः रुंद केलं आहे. कुठलं ते सांगत नाही. घाटात दर पावसाळ्यात तिथे एखादी गाडी दरीत जायची. आम्ही डोंगराकडून कापलं, दीड मीटर जागा काढली, नवं डांबर टाकलं. त्या वळणावरचे अपघात थांबले. पेढे वाटले गेले. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या खालच्या वळणावर, मोरीच्या कठड्यावर, तीन मोटारसायकली आदळल्या. वरच्या वळणानं पूर्वी जो वेग मोडला जायचा तो आता मोडत नव्हता. पोरं तो तसाच खाली घेऊन येत होती. त्यातल्या एकाच्या वडिलांना मी भेटलो आहे. मोरी तीच होती, कठडा तोच, आम्ही तिथे खडीचा एक दाणा हलवला नव्हता.

ब्रँडिश हे नाव वॉल्टर ब्रँडिशवरून पडलं, 1923 मध्ये सरावात तो तिथे पडला आणि त्याचा पाय मोडला. आमची बस तिथे थांबत नाही, पाच सेकंदांत वळण मागे पडतं. फेरीतली ही मोठी उणीव. दुसऱ्या दिवशी ती आम्ही आमची भरून काढली. क्रेग-नी-बाच्या हॉटेलाजवळ सकाळपासून जागा धरली. गाड्या केट्स कॉटेजकडून उतारानं खाली येतात, क्रेगला ब्रेक, उजवीकडे वळण, आणि मग ब्रँडिशकडे सरळ उतार. लेक म्हणाली, "बाबा, डोळे मिटून ऐका." मी ऐकलं. क्रेगला इंजिनाचा आवाज घुसमटतो, गिअर एकेक करून खाली येतात. मग आवाज चढत जातो, चढतच जातो, आणि ब्रँडिशपाशी जेमतेम हलतो. त्याच वेगानं माणूस पुढच्या वळणाला, हिलबेरीला, जातो. हिलबेरी कोणी हलवलेलं नाही.

म्हणून माझं मत असं की वळण सोपं करणं आणि रस्ता सुरक्षित करणं ही दोन वेगळी कामं आहेत. डांबराची पकड, पाण्याचा निचरा, उन्हात पाघळणारं डांबर वेळीच दुरुस्त करणं, यांनी जीव वाचतो. रस्त्याच्या बाहेर जे आहे त्यानं तर नक्कीच. दगडी भिंतींसमोर लावलेले फोमचे जाड गादले मी दाबून बघितले, आपल्या लहानपणीच्या गवताच्या गंज्यांपेक्षा कितीतरी बरे. 2022 पासून प्रत्येक गाडीवर जीपीएस आहे, शर्यत थांबवणाऱ्या लाल झेंड्यासाठी दिव्यांचे फलक आहेत. तरी त्याच वर्षी सहा स्पर्धक गेले. या रस्त्यावर आजवर अडीचशेच्या वर माणसं गेली आहेत. 1972 मध्ये इटलीचा स्पर्धक जिल्बेर्तो पार्लोत्ती पावसात गेला, त्या वर्षानंतर त्याचा मित्र, विश्वविजेता अगोस्तिनी, पुन्हा इथल्या शर्यतीत उतरला नाही, आणि 1976 नंतर जागतिक अजिंक्यपदातून ही शर्यत निघालीच. साठ किलोमीटरभर भिंती, झाडं आणि घरं आहेत. सगळीकडे गाद्या लावता येत नाहीत.

फेरीबद्दल आणखी थोडं. डोंगरावरच्या बंगलो नावाच्या थांब्यावर टीटी अनेकदा जिंकलेल्या जोई डनलॉपचा पुतळा आहे, होंडावर बसलेला, तिथे वीस मिनिटं मिळतात आणि ती पुरतात. वारा भयंकर असतो, जूनमध्येसुद्धा स्वेटर आणि कानटोपी हवी. चहा पैशांत धरलेला नाही. माइक मागच्या सीटला नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसा. वाटाड्याकाका प्रश्नांना वैतागत नाहीत. उतरताना मी त्यांना माझ्या मोरीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी हिलबेरीला उभा असायचो," आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

पाचपैकी चार. ब्रँडिशला थांबा दिला तर पाच.