छोटं हायड्रो, रन-ऑफ-रिव्हर मॉडेल: मूर्ती लहान, पण नदीचा हिशोब मोठा (५ पैकी २.५ स्टार)

प्रॉडक्ट काय ते आधी सांगतो: नदीच्या पाण्यावर वीज करणारा छोटा प्रकल्प. नदीत आडवा एक बुटका बंधारा, तिथून पाणी कॅनॉलमध्ये नाहीतर बोगद्यात वळवायचं, डोंगराच्या कडेकडेने पुढे न्यायचं, चांगला उतार मिळाला की पेनस्टॉकमधून, म्हणजे जाडजूड पाइपातून, खाली सोडायचं, टर्बाईन फिरवायचं आणि पाणी परत नदीत. ब्रोशरवर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: धूर नाही, गावं उठवायची नाहीत, आणि पाणी संपत नाही, जेवढं घेतलं तेवढं परत. तिन्ही बऱ्याच अंशी खऱ्या आहेत आणि तिथेच गोची आहे, सरळ खोटं छापलं असतं तर पकडायला सोपं गेलं असतं.

पाणी परत मिळतं हो, पण कुठे? बंधारा आणि पॉवरहाऊस यांच्या मधला जो नदीचा तुकडा आहे, कधी काहीशे मीटर, कधी कित्येक किलोमीटर, तिथे ते नसतंच. ब्रोशरमधला फोटो एकतर बंधाऱ्याचा असतो, मागे निळंशार पाणी वगैरे, किंवा पॉवरहाऊसचा, रंगवलेली मशीनं आणि चकाचक फरशी. मधल्या तुकड्याचा फोटो मी तरी आजवर कुठल्या ब्रोशरमध्ये पाहिला नाही. माझा सगळा रिव्ह्यू खरं म्हणजे या तुकड्याचाच आहे, बाकीचं ओघाने येईल.

कोरड्या महिन्यांत तिथे खाली उतरून बघा. दगडांवर जुन्या पातळीची पांढरट रेघ, रेघेखाली वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ, मधे मधे डबकी, डबक्यात बोटाएवढी पिल्लं गोल गोल फिरतायत कारण जायला जागाच नाही. एखादा दगड उलटा करा, खालच्या बाजूला कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्यांनी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळ्या दिसतील, तांदळाएवढ्या, आणि चिमटीत धरलं की चुरा. आत कोणी नाही. या अळ्या म्हणजे माशांचं जेवण, आणि त्यातून बाहेर पडणारे उडते किडे म्हणजे काठावरच्या पक्ष्यांचं आणि वटवाघळांचं, त्यामुळे पाण्यातलं गणित बिघडलं की काठावरचंही बिघडतं. उरलेलं उथळ पाणी तापतं पण लवकर. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि तेही पाणी खळाळतं असेल तर, डबक्यात तर त्याहून कमीच.

आता कोणी म्हणेल की थोडं पाणी सोडायची अट असतेच की. असते ना, पर्यावरणीय प्रवाह म्हणतात त्याला. पण ती अट पाळणं मालकाला किती महाग पडतं ते बघा, गणित सोपं आहे. वीज किलोवॅटमध्ये हवी तर ९.८१ गुणिले सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले किती मीटरचा उतार, गुणिले कार्यक्षमता. समजा २ क्युमेक्स (सेकंदाला २ घनमीटर) पाणी आहे, २० मीटर हेड (म्हणजे तोच उतार), ८० टक्के कार्यक्षमता, तर झाले ३१४ किलोवॅट. यातलं २० टक्के, म्हणजे ०.४ क्युमेक्स, नदीत सोडलं तर ६३ किलोवॅट गेले. चोवीस तासांत १,५०० युनिट! रोज! आणि बघणारं कोणी नाही, आडरानातला बंधारा, रात्रीची वेळ, गेटचं चाक ऑपरेटरच्या हातात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) बंधाऱ्यातून खाली नदीत पाणी सोडायला पाइप बसवलेला होता, अगदी नियमाप्रमाणे, आणि पाइपच्या तोंडाशी एक ओंडका आडवा. पुरात वाहून आला म्हणे. पुरात आलेला ओंडका इतका मापात बसतो हे मला नवीनच.

बरं, किती पाणी सोडायचं हा वादही जुनाच. टेनंट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक ढोबळ पट्टी दिली: वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्के ठेवलं तर जीव थोडा काळ कसाबसा तग धरतील, ३० टक्क्यांच्या आसपास बऱ्यापैकी जगतील, ६० टक्के म्हणजे उत्तम. यातला १० टक्केवाला आकडा बऱ्याच जणांनी उचलला आणि 'कसाबसा तग' हे शब्द सोयीस्करपणे गाळले. वर तो आकडा बारा महिने एकसारखा. नदी काय नळ आहे का, तिला पूर लागतो, लहान लहान लोंढे लागतात, कित्येक मासे अंडी घालायला वर निघतात ते पाणी चढायला लागलं की, मग पाणी कधी चढलंच नाही तर त्यांनी निघायचं कधी?

मासे निघालेच तर पुढची गंमत. मासा प्रवाहाच्या उलट पोहत येतो आणि जिकडे जोर जास्त तिकडे वळतो. जोर कुठे आहे? पॉवरहाऊसच्या टेलरेसला, जिथून टर्बाईनचं पाणी धो धो बाहेर पडतंय. फिश लॅडर, म्हणजे माशांना बंधारा चढायचा जिना, कुठे आहे? पार वर बंधाऱ्याला, मधे तो सुकलेला तुकडा. म्हणजे जिना बांधलाय पण जिन्यापर्यंत जायला रस्ता नाही, आणि मासे बिचारे टेलरेससमोर ताटकळत. लॅडर चांगले असू शकतात, अगदी मान्य, पण त्याच्या तोंडाशी पुरेसा ओढ लावणारा प्रवाह पाहिजे, पायऱ्यांची उंची तिथल्या माशांना झेपेल अशी पाहिजे, आणि गाळ-पालापाचोळा काढायला कोणीतरी पाहिजे. उड्या मारणाऱ्या सॅमन माशांसाठी काढलेलं डिझाइन उचलून तळाला चिकटून चालणाऱ्या लहान माशांच्या नदीत बसवलं की ते नुसतं काँक्रीट. अर्धा स्टार, तोही इंटेन्शनसाठी.

हे झालं वर जाण्याचं. खाली येणाऱ्याचं वेगळंच. इनटेकला, म्हणजे नदीचं पाणी जिथून आत घेतात त्या तोंडाला, जाळी असते, ती मुख्यतः टर्बाईनला फांद्या-दगडांपासून वाचवायला, माशांना वाचवायला नाही. दोन गजांमधली फट मोठी असेल तर मासा आत, बारीक असेल आणि पाण्याचा ओढा जोरात असेल तर मासा जाळीला चिकटून मरणार. आणि इथे 'छोटं म्हणजे निरुपद्रवी' हा समज पार उलटा पडतो, कारण छोट्या टर्बाईनची चाकं लहान, पात्यांमधल्या फटी अरुंद आणि फिरणं जोरात, छोटं फ्रान्सिस जातीचं टर्बाईन मिनिटाला ७५० किंवा १,००० फेऱ्यांनी फिरताना सहज सापडतं. पात्याचा फटका चुकला तरी दाब एकदम उतरल्यामुळे माशाची हवेची पिशवी फुटू शकते. ईलसारख्या लांबुडक्या माशाला तर फटका बसायची शक्यता जास्तच, मादी मीटरभर लांब होते, आणि युरोपातल्या ईलना अंडी घालायला थेट सारगासो समुद्र गाठायचा असतो, वाटेत असे चारपाच टर्बाईन लागले तर किती पोचणार.

याला एक बरं उत्तर आहे, आर्किमिडीज स्क्रू. पाणी वर चढवायचा तोच जुना मळसूत्री पंप उलटा चालवलेला. मिनिटाला ३० च्या आसपास फेऱ्या, पाण्याचे मोठमोठे कप्पे, मासे त्यातून बहुतेक वेळा सुखरूप खाली उतरतात, पात्यांच्या कडांना रबर लावलेलं असेल तर अजूनच छान. मर्यादा एवढीच की उतार साधारण १० मीटरच्या आत पाहिजे, आणि वर चढायला त्याचा काही उपयोग नाही, लॅडर वेगळा बांधावाच लागतो. या मॉडेलला मी खुशीने साडेतीन देईन.

त्यानंतर पीकिंग, म्हणजे मागणी चढेल तेव्हाच मशीन चालवणं. रन-ऑफ-रिव्हर म्हटलं की नदी जशी वाहते तशी वीज, साठा नाही, असं समजतो आपण. पण बऱ्याच ठिकाणी बंधाऱ्यामागे काही तासांचा साठा करायची सोय असते, संध्याकाळी विजेची मागणी चढली की सगळं पाणी एकदम टर्बाईनवर, मग बंद. पॉवरहाऊसच्या खालच्या अंगाला पाणी तासाभरात चढतं आणि उतरतं. उतरताना काठालगतची पिल्लं गोट्यांमधे अडकून राहतात, किड्यांनी पाण्याच्या कडेला चिकटवलेली अंडी उघडी पडून वाळतात. आणि काठावर कपडे धुणाऱ्या, पोहणाऱ्या माणसांनाही धोका असतोच, भोंगा वाजवला की आपली जबाबदारी संपली असं चालकांना वाटतं.

गाळाबद्दल थोडक्यात, कारण तो सगळ्याच धरणांचा रोग. बंधारा वाळू-गोटे अडवतो, खालचं पाणी रिकाम्या हाताने निघतं आणि स्वतःचंच पात्र नि काठ खरवडायला लागतं. छोटा बंधारा लवकर भरतो, मग तळाचं गेट उघडून सगळा गाळ एकदम खाली ढकलतात, तो काळा, बिनऑक्सिजनचा चिखल ज्या डोहात जाऊन बसतो तिथलं काय होत असेल ते सांगायला नको. पूर असताना थोडा थोडा सोडला तर नदी पचवते, पण त्यासाठी पुरात मशीन बंद ठेवावं लागतं.

आता प्रॉडक्टच्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणाल नुसतीच नावं ठेवतोय. मिथेनचा जो आरोप मोठ्या जलाशयांवर होतो (शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरणारा वायू), तो इथे फारसा लागू पडत नाही. पाणी फार थांबत नाही, बुडणारी जमीन आणि झाडं कमी. कोळसा किंवा डिझेल जाळण्यापेक्षा कार्बनच्या हिशोबात हे केव्हाही सरस, आणि जिथे ग्रिडची तार पोचतच नाही तिथे २०-३० किलोवॅटचं एक मशीन ओढ्याचं थोडंसंच पाणी घेऊन अख्खी वस्ती उजळवतं, त्याला कोण कशाला नाव ठेवेल.

प्रॉब्लेम संख्येचा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीत १५० देशांत चालू किंवा बांधकाम सुरू असलेले सुमारे ८३ हजार छोटे प्रकल्प निघाले, दर एका मोठ्यामागे अकरा. एकाच नदीवर माळेसारखे ओळीने बसवले की वरच्याचं टेलरेस संपलं की खालच्याचा बंधारा सुरू, नदी मोकळी अशी उरतच नाही, आणि तपासणी (झालीच तर) प्रत्येकाची सुटी सुटी, सगळे मिळून काय होतं याचा हिशोब कोणाच्याच टेबलावर नाही. चीनमधल्या नू नदीच्या खोऱ्यात संशोधकांनी दर मेगावॅटमागे किती नुकसान असा हिशोब मांडला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तर अधिवास आणि प्रवाहातला बदल यात छोटे प्रकल्प मोठ्यांपेक्षा वाईट ठरले. मुळात 'छोटं' हे मेगावॅटवरून ठरतं, भारतात २५ पर्यंत, चीनमध्ये ५० पर्यंत, बऱ्याच देशांत १० पर्यंत. माशाला त्या सर्टिफिकेटशी काय घेणं! पण शिक्का बसला की अनेक ठिकाणी पर्यावरणाची तपासणी सैल होते नि सवलती चालू होतात.

आफ्टर-सेल्स सर्व्हिस, म्हणजे म्हातारं झाल्यावर काय, याबद्दल विकणारा एक शब्द बोलत नाही. अमेरिकेत मेन राज्यात केनेबेक नदीवर एडवर्ड्स धरण होतं, १८३७ चं, वीज उणीपुरी साडेतीन मेगावॅट. १९९७ मध्ये तिथल्या केंद्रीय ऊर्जा आयोगाने परवाना वाढवायला नकार दिला, माशांसाठी सोय करण्याचा खर्च धरण काढण्यापेक्षा जास्त येत होता, आणि १९९९ मध्ये ते फोडलं. वरची सत्तावीसेक किलोमीटर नदी मोकळी झाली, पुढे २००८ मध्ये उपनदीवरचं फोर्ट हॅलिफॅक्सही गेलं आणि एलवाइफ मासे (समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारे) लाखोंच्या संख्येने परत चढायला लागले. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली, दोन्ही मिळून वीज २८ मेगावॅटच्या आसपास, मागे अडकलेला गाळ मात्र सुमारे २ कोटी घनमीटर! म्हणजे नदी परत येते, फक्त कोणीतरी काढायचा खर्च भरायला हवा, आणि तो बहुतेक वेळा मूळ मालक नसतो.

मग घ्यावं का? नव्या, मोकळ्या वाहणाऱ्या नदीवर माझ्याकडून नाही. आधीच असलेल्या जुन्या बंधाऱ्यावर, सिंचनाच्या कॅनॉलच्या धबधब्यांवर, किंवा पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनमध्ये जिथे दाब मुद्दाम मोडावाच लागतो तिथे मशीन बसवणार असाल तर चार स्टार, नदीचं नवीन काही बिघडत नाही. बाकी कोणी विकायला आलाच तर मधला तुकडा किती किलोमीटरचा, त्यात कोरड्या महिन्यात किती पाणी आणि टेलरेस बंधाऱ्याच्या पायथ्यालाच का नाही ठेवत, एवढं विचारा. पायथ्याला ठेवलं तर उतार कमी मिळतो, वीज कमी होते, हे तो लगेच सांगेल, पण मधला तुकडाच उरत नाही हे तुम्हाला सांगावं लागेल. आणि सोडलेलं पाणी मोजणाऱ्या गेजचे आकडे रोजच्या रोज कोणालाही बघता येतील असे बाहेर नसतील तर वरच्या अडीचमधलाही एक स्टार कापा.