एमबीआर एसटीपीचे आठ महिने: पाणी स्वच्छ, तरीही पिवळे

गेल्या आठवड्यात सर्व्हिस कंपनीचे बिल आले आणि त्यात फिल्टरमधला, पाण्याचा रंग शोषणारा कार्बन बदलण्याचा खर्च वेगळा लावलेला पाहून हे लिहायला बसलो. मुलुंडमधील आमच्या ६४ घरांच्या सोसायटीत जुना एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, काढून बसवलेला एमबीआर (जिवाणूंनी घाण खाल्ल्यावर पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळणारा) प्लांट आता आठ महिने चालू आहे, आणि खजिनदार या नात्याने त्याच्या प्रत्येक बिलावर माझी सही आहे.

तक्रारीआधी कौतुक. जुन्या प्लांटचा पार्किंगपर्यंत येणारा वास गेला. मेम्ब्रेनची छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक असल्याने गाळ टाकीतच राहतो, आणि प्रत्येक अहवालात बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आला आहे. माणशी १३५ लिटर या मानकातले ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. फ्लशला आता प्लांटचे शुद्ध केलेले पाणी जाते, आणि तेवढे भातसा-तानसाचे पाणी वाचल्यामुळे यंदाच्या मे महिन्यात आम्हांला एकही टँकर मागवावा लागला नाही. जिवाणूंना हवा पुरवणारा ब्लोअर दिवसरात्र चालतो, त्यामुळे विजेचे बिल वाढले. पण टँकरचे पैसे वाचल्यावर त्याबद्दल मी बोलणार नाही.

बोलणार आहे ते रंगाबद्दल. तिसऱ्या महिन्यापासून फ्लशचे पाणी फिकट पिवळे येऊ लागले. मेम्ब्रेन फाटली असावी, अशी माझी खात्रीच झाली होती. ऑफिसच्या खिडकीत दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या, एकीत नळाचे पाणी, दुसरीत प्लांटचे, आणि मागे कोरा कागद धरला. दोन्ही सारख्याच नितळ होत्या, फक्त दुसरी पातळ चहासारखी दिसत होती. गढूळपणाची चाचणीही उत्तम आली. आमचा ऑपरेटर एवढेच म्हणाला, “साहेब, चहा गाळला म्हणून पांढरा होतो का?” विरघळलेला रंग मेम्ब्रेनमधून आरपार जातो, तो अडवण्याचे काम पुढच्या कार्बन फिल्टरचे, आणि तो कार्बन संपलेला होता.

कंपनीशी माझे भांडण यावरूनच झाले. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) ‘सर्वसमावेशक’ म्हणून विकायची आणि कार्बन मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत वगळायचा, हे मला आजही मान्य नाही. परंतु अर्धा दोष आपल्याकडे येतो, हे नंतर लक्षात आले. फ्लशमध्ये वापरलेले पाणी पुन्हा प्लांटमध्येच येते, म्हणजे येणाऱ्या सांडपाण्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच रंग घेऊन आलेला असतो, आणि जिवाणू तो रंग फारसा खात नाहीत. ज्या पुनर्वापराचे आकडे मी सर्वसाधारण सभेत मिरवत होतो, तोच पाणी पिवळे करत होता आणि कार्बनही लवकर संपवत होता. त्यानंतर माझ्या पत्रांची भाषा थोडी मवाळ झाली. बिल मात्र अजून मंजूर केलेले नाही.

दरम्यान, सर्वाधिक तक्रारी करणाऱ्या पाचव्या मजल्यावरील काकूंनी स्वतःच्या फ्लशच्या टाकीत निळी वडी सोडली. आता त्यांची लेखी तक्रार आहे की पाणी हिरवे येते.