व्हर्बेना: पाकिटातून, रोपवाटिकेतून की शेजारच्या कुंडीतून?

गणपती उठले आणि पावसाचा जोर ओसरला की हिवाळी फुलझाडांचे बेत सुरू होतात. त्यात व्हर्बेना हवीच असे ठरले, तर पुढे तीन वाटा दिसतात. बियांचे पाकीट आणून घरीच रोपे करता येतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबून रोपवाटिकेतून कळीवर आलेली रोपे आणता येतात. किंवा ज्यांच्या बागेत व्हर्बेना आधीच पसरलेली आहे, त्यांच्याकडून फांदी मागून आणता येते. तिन्ही वाटांचा खर्च, कष्ट आणि वेळ वेगळा आहेच, पण हाती येणारी व्हर्बेनाही बऱ्याचदा वेगळीच असते, आणि निवड करताना नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

रोपवाटिकेत ‘वर्बिना’ या नावाखाली किमान दोन झाडे मिळतात. पहिली संकरित व्हर्बेना. तिची पाने रुंद, खरखरीत आणि दातेरी असतात, फुलांचे गुच्छ ठसठशीत असतात आणि लाल, गुलाबी, जांभळ्या फुलांच्या मधोमध अनेकदा पांढरा डोळा असतो. दक्षिण अमेरिकेतील काही जातींच्या संकरातून ती एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागांमध्ये घडत गेली, आणि बियांच्या पाकिटात बहुधा हीच असते. दुसरीची पाने गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली असतात; ती जमिनीलगत पसरते, बहुतेक वेळा जांभळीच असते आणि फांदीवरून फांदीवर घरोघरी जाते. दोन्हींच्या फुलांचा गुच्छ पाहताना घाणेरीची आठवण झाली तर ती चुकीची नाही, कारण घाणेरी आणि व्हर्बेना एकाच कुळातल्या आहेत. मात्र घाणेरीचा चिवटपणा संकरित व्हर्बेनाच्या वाट्याला आलेला नाही, हे पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावे.

आता बियांविषयी, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. व्हर्बेनाचे बी जिऱ्याच्या दाण्याहून आखूड, तपकिरी आणि काडीसारखे असते. तळहातावर घेऊन उलटे केले तर एका बाजूने ते फिकट दिसते. शास्त्रीयदृष्ट्या ते नुसते बी नसून फळाचा चौथा हिस्सा असते, कारण एका फुलामागचे फळ सुकल्यावर त्याचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात एक बी असते. एका ग्रॅममध्ये साधारण ३५० दाणे भरतात, म्हणजे चिमटीत धरून एकेक पेरता येईल इतके ते मोठे आहे. पिटुनियाच्या धुळीसारख्या बियांपुढे हे काम पेरताना तरी सोपे वाटते. अडचण त्यानंतर सुरू होते.

झेंडू किंवा झिनिया चार-पाच दिवसांत डोके वर काढतात. व्हर्बेनाला दोन ते चार आठवडे लागतात. तिला उगवताना अंधार लागतो, तापमान साधारण १८ ते २४ अंशांच्या मध्ये लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तिला ओल बेताचीच लागते. बियाभोवती पाणी राहिले की हवा पोचत नाही, बुरशी चढते आणि बी आतल्या आत कुजते. नेमकी इथेच आपली सवय आड येते. आपल्याकडे व्हर्बेना पेरण्याचा काळ नवरात्राच्या आसपासचा, आणि त्या दिवसांत घरात घटाला रोज पाणी घालायचे असते. घटातले धान नऊ दिवसांत वीतभर होते, दसऱ्याला टोपीत खोवायला मिळते, आणि तोच हात शेजारच्या ट्रेवरही झारी फिरवतो. पहिल्या वर्षी माझ्या ५० बियांपैकी ६ उगवल्या. दुसऱ्या वर्षी त्याच गच्चीवर, त्याच प्रकारच्या पाकिटातून २७ उगवल्या, आणि फरक एवढाच होता की पेरल्यानंतर मी पाणी घातले नाही.

त्याची रीत अशी. चाळलेले गांडूळखत आणि कोकोपीट निम्मेनिम्मे घेऊन ट्रे भरावा, संध्याकाळी तो पूर्ण भिजवावा आणि रात्रभर निथळू द्यावा. सकाळी त्यातले मूठभर मिश्रण वळून पाहावे. गोळा व्हावा, पण बोटांच्या फटीतून पाणी येऊ नये. मग एका कप्प्यात एक किंवा दोन बिया टाकून वर जेमतेम तीन मिलिमीटर थर पसरावा, ट्रेवर काळे प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्राच्या चार घड्या झाकाव्यात आणि घरात माठ ठेवतो तशा थंड कोपऱ्यात तो ठेवून द्यावा. झाकण असल्यामुळे ओल टिकते. आठवडाभराने वरचा थर कोरडा वाटलाच, तर ट्रे पाच मिनिटे पाण्याच्या परातीत टेकवून खालून पाणी द्यावे. वरून कधीही देऊ नये. दहाव्या दिवसापासून रोज झाकण उचलून पाहावे आणि पहिली दोन-चार रोपे दिसताच ते काढून टाकावे, कारण अंधारात एक दिवस जास्त राहिली तरी ती लांबुळकी होऊन आडवी पडतात. उघडल्यावर पहिले काही दिवस सकाळचे कोवळे ऊन पुरते.

जुन्या बियांना पेरणीपूर्वी आठवडाभर थंडी दिली तर उगवण सुधारते. त्यासाठी किंचित ओलसर वाळूत बिया मिसळून लहान डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. ब्युनोस आयर्सच्या नावावरून बोनारिएन्सिस म्हणून ओळखली जाणारी कमरेएवढी उंच व्हर्बेना कोणी बियांपासून करणार असेल, तर तिच्यासाठी ही थंडी विशेष उपयोगी पडते.

एवढे सगळे नीट केले तरी व्हर्बेनाची उगवण निम्म्याच्या आसपास धरावी. म्हणजे ५० बियांच्या पाकिटातून २५ रोपे, आणि कोवळेपणी कोलमडणारी वजा केली तर कुंडीपर्यंत पोचणारी २०. पेरणीपासून पहिल्या गुच्छापर्यंत १२ ते १४ आठवडे जातात. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरले तर संक्रांतीनंतर फूल आणि मार्चअखेरीस उन्हाचा तडाखा, असा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा बहर मिळतो. लवकर पेरावे तर ऑक्टोबर हीट आड येते. घरात तुलनेने गार जागा असेल तरच सप्टेंबरअखेरचा प्रयोग करावा.

मग बिया घ्याव्यात कशासाठी? दोन कारणांसाठी, आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिले संख्येचे: दहा फूट लांबीचा वाफा भरायचा असेल, तर २०-२५ सेंटिमीटर अंतराने १२ ते १५ रोपे लागतात, आणि तेवढी तयार रोपे विकत घेणे पाकिटापेक्षा बरेच महाग पडते. दुसरे रंगाचे. क्वार्ट्झ किंवा ऑब्सेशन यांसारख्या मालिकांमध्ये (एकाच ठेवणीच्या, वेगवेगळ्या रंगांच्या जातींच्या संचांमध्ये) एकेका रंगाचे वेगळे बी मिळते. १९९२ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे अमेरिकेत बागेच्या नव्या जातींना दिला जाणारा, पुरस्कार मिळवलेली ‘पीचेस अँड क्रीम’ ही पिकल्या पीचच्या आणि सायीच्या रंगाची जात बियांपासूनच करतात. आपल्या रोपवाटिकांत असा रंग नेमका मागून मिळेल, याची खात्री कोणी देऊ नये.

रोपवाटिकेच्या वाटेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हाच तिचा गुण आहे. डिसेंबरमध्ये रोप आणले, आठ इंची कुंडीत लावले, सहा तास ऊन दिले की पंधरा दिवसांत कुंडी भरते. उगवणीची जोखीम दुसऱ्याने पत्करलेली असते आणि आपण तिचे पैसे देतो. रोप निवडताना मात्र सर्वांत जास्त फुललेले रोप उचलण्याचा मोह टाळावा. ज्याला तीन-चार फांद्या फुटलेल्या आहेत आणि एखादीच कळी रंग दाखवते आहे, ते रोप कुंडीत लवकर जम धरते. पानाची मागची बाजू उलटून मावा आणि पांढरी माशी पाहावी, वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखे डाग असतील तर ते रोप तिथेच ठेवावे. ही भुरी, द्राक्षवाल्यांच्या झोपा उडवणाऱ्या रोगाचीच भावंड, आणि व्हर्बेनावर ती फार लवकर पसरते. रंगाबाबत मात्र विक्रेत्याच्या शब्दापेक्षा उमललेल्या पाकळीवर विश्वास ठेवावा. ‘मिक्स आहेत’ म्हणून मिळालेली माझी बारा रोपे शेवटपर्यंत एकाच गुलाबी रंगात फुलली.

तिसरी वाट फांदीची. बारीक पानांची व्हर्बेना जमिनीला टेकली की पेरापेराला स्वतःच मुळे सोडते, त्यामुळे तिच्यासाठी छाटकलमाचीही गरज नसते. पसरलेली फांदी शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवून, वाकवलेल्या तारेने दाबून, वर मूठभर माती टाकली की दोन-तीन आठवड्यांनी ती कापून वेगळी करता येते. हे साधे दाब कलम, आणि नवख्या माणसाच्या हातूनही ते सहसा फसत नाही. छाट लावायचीच असेल तर फूल न आलेला, बोटभर लांबीचा शेंडा पेराच्या खाली कापून, खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचावा. या वाटेने मिळणारे झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते, रंगात तसूभरही फरक पडत नाही. अमेरिकेतील ‘होमस्टेड पर्पल’ ही प्रसिद्ध जात अशीच पसरली. जॉर्जियातील एका जुन्या घराच्या आवारात ती दोन वनस्पतितज्ज्ञांना दिसली आणि फांद्यांवरून सर्वदूर गेली. जपानच्या सनटोरी कंपनीच्या टेमारी आणि टॅपियन या मालिकाही कलमांवरच वाढवल्या जातात. तोटा असा की मूळ झाडाला विषाणूची बाधा असेल तर तीही फांदीबरोबर आपल्या घरी येते. बियांपासून केलेल्या रोपांत हा धोका बराच कमी असतो. शिवाय शेजारी जे आहे तेच मिळते, आणि शेजारी बहुधा जांभळेच असते.

गाव कोणते यावरही निवड बदलते. पुणे, नाशिक, नागपूर येथे नोव्हेंबरपासून रात्री गार होतात, त्यामुळे रोपे ठेंगणी आणि दाट राहतात. तिथे बियांचा खटाटोप सत्कारणी लागतो. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात हवेतली आर्द्रता आणि उबदार रात्री संकरित व्हर्बेनाला मानवत नाहीत, म्हणून तिथल्या बाल्कनीसाठी तयार रोपे घ्यावीत किंवा बारीक पानांची फांदी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे फ्लॅटच्या गॅलरीत दोन तासांहून जास्त ऊन येत नाही, तिथे तिन्ही वाटा बंद समजाव्यात. व्हर्बेना सावलीत जगते, फुलत नाही.

तेव्हा तीन-चार कुंड्या भरायच्या असतील आणि नाताळात फूल हवे असेल, तर रोपवाटिका. उतारावर किंवा कुंपणालगत वर्षानुवर्षे राहील असे आच्छादन हवे असेल, तर बारीक पानांची फांदी. भर पावसात तिचा काही भाग कुजतो, पण निचरा चांगला असेल तर ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा धरते. वाफा मोठा असेल, विशिष्ट रंग हवा असेल आणि झारी खाली ठेवण्याइतका संयम असेल, तर बिया. या शेवटच्या वाटेत मी आता एक भर घालतो. बियांपासून आलेल्या मिश्र रोपांतून जानेवारीत जो रंग मनात भरतो, त्याच्या फांद्यांची फेब्रुवारीत दाब कलमे करतो आणि पावसाळाभर ती छपराखाली, अगदी बेताच्या पाण्यावर जगवतो. सगळी जगत नाहीत. गेल्या वर्षी पाचांपैकी दोन उरली, पण ती दिवाळीनंतर महिन्याभरात फुलली, तेव्हा नव्या पाकिटातल्या रोपांचा पहिला शेंडा मी नुकताच खुडत होतो. संकरित झाडावर धरलेले बी मात्र जपून ठेवू नये. ते उगवले तरी आईचा रंग घेऊन येईलच असे नाही.