मिनी ट्रॅक्टरला हायड्रोलिक टॉप लिंक: कोल्हापुरात बसवून घेतलेल्या जोडणीचे परीक्षण

मिनी ट्रॅक्टरच्या मालकाने हायड्रोलिक टॉप लिंकवर, म्हणजे अवजार धरणारी वरची दांडी तेलाच्या दाबाने लांब-आखूड करणाऱ्या सिलिंडरवर, पैसे घालावेत की नाही, हे त्याच्या ट्रॅक्टरमागे वर्षभर कोणकोणती अवजारे लागतात यावर ठरते. ज्याचे बहुतेक काम रोटाव्हेटरवर भागते, त्याला साधी आट्यांची लिंक पुरेशी आहे आणि त्याने हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आमच्या करवीर तालुक्यात ऊस निघाल्यावर त्याच रानात आधी नांगर, मग सपाटीकरणाचे ब्लेड आणि शेवटी सरी पाडण्याचे रेजर अशी अवजारे पाठोपाठ लागतात. रानेही सलग नसतात; वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, मध्ये बांध आणि पाण्याचे पाट. अशा ठिकाणी प्रत्येक वेळी खाली उतरून, लॉक नट सैल करून लिंकच्या आट्या फिरवण्यात वेळ जातो आणि कंटाळ्यापोटी माणूस अवजार चुकीच्या कोनातच ओढत राहतो. माझ्याकडील २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ही जोडणी मी शिवाजी उद्यमनगरातील एका हायड्रोलिक कार्यशाळेतून करून घेतली आणि एका हंगामाच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीत खालचे दोन हात अवजार ओढतात आणि उचलतात, तर वरची लिंक त्याचा कोन धरून ठेवते. नांगरताना या वरच्या दांडीवर मोठा दाब येतो आणि अनेक ट्रॅक्टरांत याच दाबावरून ड्राफ्ट कंट्रोलला (ओढीनुसार अवजाराची खोली आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेला) नांगर किती ओढ घेतो आहे याची जाणीव होते. त्यामुळे तिच्या जागी येणारा सिलिंडर दांडीइतकाच ताठ राहिला पाहिजे. बाजारात याच बाबतीत फसगत होते. नुसता दुहेरी क्रियेचा (तेलाच्या दाबाने ढकलणारा आणि ओढणाराही) सिलिंडर आणि दोन पाईप घेऊन केलेली स्वस्त जोडणी दिसायला सारखीच असते, पण तेलाची दिशा बदलणाऱ्या डीसी व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (आत सरकणाऱ्या दांड्याच्या फटीतून) तेल थोडे तरी झिरपतेच आणि भाराखाली लिंकची लांबी हळूहळू बदलत जाते. म्हणून सिलिंडरवरच दोन्ही बाजूंचे तेल अडवणारा लॉक व्हॉल्व्ह हवा. कार्यशाळेने तो मी न मागता सुचवला, आणि माझ्या दृष्टीने या कामातील त्यांचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

मापे घेण्याची त्यांची पद्धतही मला पटली. फिटरने ट्रॅक्टर सपाट फरशीवर घेतला आणि म्हणाला, “मालक, आधी ब्लेड जमिनीवर टेकवा, मगच माप घेतो.” कामाच्या स्थितीत एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर त्याने तीनही अवजारांसाठी मोजले आणि ते सिलिंडरच्या स्ट्रोकच्या (रॉड आत-बाहेर सरकण्याच्या अंतराच्या) साधारण मध्यावर येईल अशी बंद लांबी निवडली, म्हणजे लिंक तिथून सारखीच लांब आणि आखूड होऊ शकते. त्यानंतर लिंक पूर्ण आखूड करून आणि लिफ्ट पूर्ण वर घेऊन अवजार टायरला किंवा मडगार्डला लागत नाही ना, हे त्याने प्रत्येक अवजार जोडून पाहिले. ही तपासणी वगळणाऱ्या माणसाकडून हे काम करून घेऊ नये.

सिलिंडर ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) आणि रॉड ३५ मिलिमीटरचा आहे. १५० बार दाबाला तो बाहेर ढकलताना साडेचार टनांहून अधिक आणि आत ओढताना सव्वातीन टनांच्या आसपास जोर देतो. ज्या वर्गातील ट्रॅक्टरची उचलक्षमताच ७५० किलोच्या आसपास असते, त्याला एवढा जोर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. ५० मिलिमीटरचा बोअरही चालला असता आणि वजन कमी झाले असते. जोर जास्त असला की चुकीच्या क्षणी व्हॉल्व्हचा दांडा ओढल्यास अवजाराचा मास्ट (लिंक जोडण्याचा उभा सांगाडा) किंवा ब्रॅकेट वाकू शकते, हेही लक्षात ठेवावे. लहान सिलिंडरमध्ये तेल झटकन भरते, म्हणून दोन्ही पाईपांत बारीक छिद्राचे रिस्ट्रिक्टर घालून घेणे आवश्यक आहे. त्यांच्याशिवाय लिंक हिसका देते आणि कोन बारकाईने लावताच येत नाही.

तेलाच्या जोडणीत अडचण आली ती मूळ ट्रॅक्टरमुळे. त्याला ट्रॉली उलटण्यासाठी एकाच पाईपची सोय होती, त्यामुळे दुहेरी क्रियेचा डीसी व्हॉल्व्ह वेगळा बसवावा लागला. हा व्हॉल्व्ह लिफ्टच्या आधी येत असल्याने पुढे तेल नेणारा पॉवर बियाँड मार्ग त्यात हवाच, अन्यथा लिफ्टला तेल मिळत नाही. वॉरंटीतील ट्रॅक्टर असेल तर असा बदल करण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लॉक व्हॉल्व्हची परीक्षा म्हणून मी ब्लेड उचलून तिरके धरले, रॉडवर सिलिंडरच्या तोंडाशी खडूने रेघ ओढली आणि खाली भक्कम ठोकळे लावून ट्रॅक्टर रात्रभर तसाच ठेवला. ब्लेड ठोकळ्यांना टेकले नव्हते आणि सकाळी रेघ जिथल्या तिथे होती. सपाटीकरणात तर या जोडणीने कामाची तऱ्हाच बदलली. उंचवट्यावर लिंक आखूड केली की ब्लेडची धार पुढे झुकून माती कापते, आणि खोलगट भागाकडे जाताना लांब केली की तेच ब्लेड माती पसरत जाते. हे सर्व चालत्या ट्रॅक्टरवर, सीटवर बसून होते. नांगराला शेताच्या कडेला लिंक थोडी आखूड केली की फाळ लवकर जमिनीत शिरतो. बांध ओलांडताना अवजाराची शेपटी वर घेता येते, त्यामुळे बांध फुटत नाही आणि शेजाऱ्याशी वादही होत नाही. रोटाव्हेटरला मात्र जपून वापरावे. कोन जास्त बदलला की ट्रॅक्टरची फिरती शक्ती अवजाराला देणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या दोन्ही जोडांचे कोन विषम होतात, खडखड सुरू होते आणि जोडातला क्रॉस लवकर झिजतो.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. सिलिंडरसोबत आलेल्या टोकाचे भोक दुसऱ्या श्रेणीच्या २५ मिलिमीटर पिनचे होते, तर मिनी ट्रॅक्टरच्या पहिल्या श्रेणीची पिन १९ मिलिमीटरची असते. कार्यशाळेने बुश घालून भागवण्याचा प्रयत्न केला. मी आग्रह धरल्यावर योग्य टोक बसवून दिले. रॉडवर लांबी दाखवणारी खूण किंवा पट्टी नाही, त्यामुळे मागच्या वेळचा कोन पुन्हा अचूक लावणे कठीण जाते. लिंक साध्या लिंकपेक्षा बरीच जड आहे आणि वयस्कर माणसाला एकट्याने ती पिनवर बसवणे अवघड आहे. शिवाय डीसी व्हॉल्व्ह एकाच स्पूलचा असल्याने हायड्रोलिक पलटी नांगर आणि ही लिंक एकाच वेळी चालवता येत नाही. ज्याच्याकडे तसा नांगर आहे, त्याने सुरुवातीलाच दोन स्पूलचा व्हॉल्व्ह घ्यावा.

वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कपलर (पाईप जोडण्याचे तोंड) काढण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून दांडा दोन्हीकडे हलवावा आणि दाब सोडावा. लॉक व्हॉल्व्हमुळे सिलिंडरच्या आत दाब अडकून राहू शकतो, म्हणून अवजाराचा भार लिंकवर असताना तिची पिन ठोकू नये. दुसरे म्हणजे, पाईपमधून तेल फुटते आहे का हे बोटाने चाचपू नये. बारीक धारेतले तेल कातडीतून आत शिरते आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे.

खर्च साध्या लिंकच्या कितीतरी पट आहे आणि त्यातला मोठा भाग व्हॉल्व्ह व जोडणीवर जातो, सिलिंडरवर नव्हे. तरीही ज्यांना वरचेवर अवजार बदलावे लागते किंवा जे भाड्याने सपाटीकरण करतात, त्यांना मी ही जोडणी निःशंकपणे सुचवीन. कार्यशाळेला माझी एकच मागणी राहील: होज पाईप उचलत्या हाताजवळून जातात, तिथे ते घासू लागले आहेत. त्यांवर संरक्षक स्प्रिंग मूळ जोडणीतच द्यायला हवी होती. ती पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी मी बसवून घेणार आहे.