रोझबँकची तांब्याची भांडी: एका टेस्टिंगबद्दल

कोरेगाव पार्कातल्या एका बारमध्ये ‘रोझबँक’ या स्कॉच डिस्टिलरीवर टेस्टिंग, म्हणजे व्हिस्की चाखण्याचा कार्यक्रम होता. माणशी 3,500 रुपये, दोन व्हिस्क्या आणि दीड तासाची गोष्ट. रोझबँकचा थेंबही मिळाला नाही, तरी पैसे वसूल. तिच्या जुन्या बाटल्यांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यात, हे माहिती सांगणाऱ्या मुलाने सुरुवातीलाच स्पष्ट केलं. आवडलं मला.

आमचा धंदा तांबट आळीतला, बंब-घंगाळांचा, त्यामुळे माझं सगळं लक्ष दारू गाळायच्या भांड्यांकडे. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला कालव्याकाठी 1840 मध्ये सुरू झालेल्या या डिस्टिलरीत दारू दोनाऐवजी तीनदा गाळायचे. त्याने ती हलकी होते. वाफ थंड करायला मात्र वर्म टब, म्हणजे पाण्याच्या हौदात बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी. तिच्यात वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, गंधकाचा अंश थोडा उरतो आणि दारूला अंग येतं. हलकी असून भरीव, हीच रोझबँकची ख्याती. ते जिभेला कळावं म्हणून त्या मुलाने आधी तीनदा गाळलेली ऑकेंटॉशन दिली, मग वर्म टबवाली ग्लेनकिंची. पहिली लिंबाच्या सालीसारखी, दुसरी घशात रेंगाळणारी. फार विचार करून लावलेली जोडी.

ग्लेनकिंचीचा या गोष्टीशी जवळचा संबंधही आहे. तेव्हा दोन्ही डिस्टिलऱ्या एकाच मालकाच्या होत्या. 1988 मध्ये त्या कंपनीने ‘क्लासिक मॉल्ट्स’, म्हणजे स्कॉटलंडच्या वेगवेगळ्या भागांतल्या निवडक व्हिस्क्यांची मालिका काढली, तेव्हा लोलँड्स या दक्षिणेकडच्या भागातर्फे रोझबँकऐवजी ग्लेनकिंची घेतली. रोझबँक 1993 मध्ये बंद झाली. सांडपाण्याच्या यंत्रणेवर मोठा खर्च करावा लागणार होता. पुढे 2008 च्या नाताळाच्या सुमारास चोरांनी आतली तांब्याची भांडीच पळवली. हे ऐकून पोटात कालवलं. भांड्याची मान किती उंच, खांदा कुठे वळतो, यावर दारूची चव ठरते. चोराला त्यात फक्त मोडीचा भाव दिसतो.

2017 मध्ये इयन मॅकलाउड कंपनीने ती जागा घेतली, 2023 मध्ये पुन्हा गाळप सुरू झालं. नवी भांडी कशी घडवली, हे मी विचारलं. “काका, जुन्या आराखड्यांवरून,” एवढं म्हणून तो पुढच्या चित्रावर गेला. इथे दहा मिनिटं तरी द्यायला हवी होती. पत्रा किती जाड, ठोके घालायचं मठारकाम हाताने की यंत्राने, जोड कुठे येतो, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

तरी जरूर जा. आयोजकांनी तंदुरी पनीर तेवढं बंद करावं. त्या धुरात ऑकेंटॉशनचा वासच येईना. खारे दाणे पुरेत.