सॅनची डिस्क कशावरून ओळखायची: एसडी नाव, बाय-पाथ, डब्ल्यूडब्ल्यूआयडी की यूयूआयडी?

सॅन म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरना डिस्क देणारं सामायिक स्टोरेज. त्यावर चालणारा लिनक्स सर्व्हर रीबूट झाला आणि माऊंट फेल होऊन इमर्जन्सी मोडमध्ये अडकला, तर आधी एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे माऊंट करायची ती फाइल) उघडून बघा की तिथे एसडीबी, एसडीसी असली नावं लिहिलीयत का. कर्नल ही नावं डिस्क सापडेल त्या क्रमाने देतो, त्यामुळे काल एसडीबी असलेला लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) आज एसडीई होऊ शकतो, आणि फायबर चॅनेलचे (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचे) चार पाथ असले की एकच लन चार नावांनी दिसतो. कॉन्फिगमध्ये ही नावं नकोतच.

बाय-पाथमध्ये, म्हणजे /dev/disk/by-path मधल्या नावांत, एचबीएचा (सर्व्हरमधल्या स्टोरेज कार्डाचा) पीसीआय अ‍ॅड्रेस, स्टोरेज पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (त्या पोर्टचा ओळख क्रमांक) आणि लन नंबर दिसतो, म्हणजे कोणता पोर्ट गंडलाय ते शोधायला एकदम कामाचं. पण त्यातून रस्ता कळतो, डिस्क नाही. स्टोरेजवाल्यांनी लन ५ काढून त्याच नंबरवर दुसरा व्हॉल्यूम मॅप केला तर नाव तेच आणि आतली डिस्क मात्र वेगळी, आणि यात डेटा खरोखर जातो हो! म्हणून लन काढताना आधी अनमाऊंट, त्यावर एलव्हीएम (डिस्कवर एलव्ही म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम बनवणारा थर) असेल तर तेही बंद, मग मल्टिपाथचा (एका लनचे सगळे पाथ जोडून एकच डिस्क दाखवणाऱ्या थराचा) मॅप फ्लश, मग एकेक पाथ डिलीट, आणि मगच त्यांना अनमॅप करायला सांगायचं.

डब्ल्यूडब्ल्यूआयडी हा लनचा ओळख क्रमांक स्टोरेज स्वतःच देतं, त्यामुळे कुठल्याही पाथने, कुठल्याही सर्व्हरवरून बघा, सारखाच दिसतो. क्लस्टरला (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरना, त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड) हाच पाहिजे. फक्त मल्टिपाथचं यूजर फ्रेंडली नेम्स चालू करून एमपाथए, एमपाथबी वर विसंबू नका, कारण त्याची बाइंडिंग्ज फाइल (कोणत्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीला कोणतं नाव ते लिहिलेली) प्रत्येक नोडवर वेगळी असते आणि एका नोडचा एमपाथबी दुसऱ्यावर एमपाथसी निघू शकतो. मल्टिपाथ कॉन्फिगमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीला स्वतःचा अलायस (तुम्ही ठरवलेलं नाव) द्या आणि तोच सगळ्या नोडवर कॉपी करा.

यूयूआयडी हा फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक फाइलसिस्टिममध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे जुन्या अ‍ॅरेवरून नव्यावर (म्हणजे जुन्या स्टोरेज यंत्रावरून नव्यावर) ब्लॉक कॉपी केली तरी तो टिकतो, डब्ल्यूडब्ल्यूआयडी मात्र बदलतो. पण स्नॅपशॉट किंवा क्लोन त्याच सर्व्हरला मॅप केला की दोन्हींचा यूयूआयडी एकच, आणि एक्सएफएस फाइलसिस्टिम दुसरा माऊंट करायला सरळ नकार देतं. तेव्हा नोयूयूआयडी हा माऊंट ऑप्शन लागतो, एलव्हीएम असेल तर आधी व्हीजीइम्पोर्टक्लोन ही कमांड, जी क्लोनला नवी नावं-आयडी देते. ओरॅकल एएसएम (ओरॅकल डेटाबेसची स्वतःची डिस्क व्यवस्था) वापरते तसल्या रॉ डिस्कवर तर फाइलसिस्टिमच नसते, तिथे हा पर्यायच संपला.

माझं मत विचाराल तर मल्टिपाथ असेल तिथे खाली अलायस, त्यावर एलव्हीएम, आणि एफएसटॅबमध्ये एलव्हीचं नाव. एकच पाथ असलेला साधा आयस्कझी (नेहमीच्या नेटवर्कवरून येणारा) लन असेल तर यूयूआयडी पुरे, फक्त नेटवर्क यायच्या आधी माऊंट होऊ नये म्हणून एफएसटॅबमध्ये _नेटडेव्ह ऑप्शन टाका. रेड हॅटवर रूट डिस्कच सॅनवर असेल तर अलायस बदलल्यावर ड्राकट -एफ चालवून इनिटरामएफएस (बूट होताना आधी वाचली जाणारी छोटी इमेज) परत बनवा, नाहीतर बूट होताना जुनंच मल्टिपाथ कॉन्फिग वाचलं जातं.